दुखतो खांदा, कामचुकार कंबर: कयाक वल्हवणाऱ्यांसाठी

इंदूरला समुद्र नाही, आणि जी नदी आहे तिच्यात होडी घालावी अशी तिची अवस्था नाही. तरी कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यानं बसून चालवायची अरुंद होडी, चालवणारी माणसं आता आपल्या ओळखीपाळखीत निघू लागली आहेत. कुणी सुट्टीत हनुवंतियाला जाऊन इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर हात मारून येतं, कुणाची मुलं भोपाळच्या बड्या तालावर शिकतात, आणि जरा धाडसी असतात ते महेश्वरला नर्मदेतल्या सहस्रधारेच्या खडकांतून वाट काढतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांमधली कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांतून होडी नेण्याची शर्यत, सहस्रधारेतच झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्वाल्हेरच्या प्राची यादवनं हांगझोऊच्या आशियाई पॅरा, म्हणजे दिव्यांगांच्या, स्पर्धांत कयाकचं सुवर्णपदक जिंकलं. दोन्ही बातम्या आपल्या मुलखातल्या.

या खेळाची बातमीत न येणारी बाजू माझ्या टेबलावर येते, कारण मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोमवारी सकाळी एखादा गृहस्थ खांदा धरून येतो आणि मोबाइलवर एमआरआयचा रिपोर्ट उघडून पुढे करतो. त्यात ‘सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस विथ पार्शियल थिकनेस टेअर’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि त्याला एवढंच विचारायचं असतं की आता हात कामातून गेला का. बहुतेकांचा गेलेला नसतो. हे पटायचं असेल तर आधी खांदा आतून कसा आहे ते बघू.

## खांदा इतका नाजूक का?

खुबा आणि खांदा एकाच जातीचे सांधे. दोन्हीकडे हाडाचं गोल डोकं आणि त्याला बसायला खळगा. फरक खळग्याच्या खोलीचा आहे. खुबा म्हणजे वाटीत बसलेला लाडू, आणि खांदा म्हणजे बशीत ठेवलेला. दंडाच्या हाडाचं डोकं मोठं आणि त्याच्या वाट्याला आलेली बशी इतकी उथळ, की कुठल्याही क्षणी डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिला टेकलेला असतो. म्हणूनच तर आपण माळ्यावरचा डबा काढतो, पाठ खाजवतो, गोफण फिरवतो. खुब्याला यातलं काहीच जमणार नाही.

मग लाडू घरंगळत कसा नाही? एक तर बशीच्या काठाला चिवट कूर्चेची कड आहे, तिला लॅब्रम म्हणतात. दुसरं, चार लहान स्नायू डोक्याला पुढून, वरून आणि मागून धरून बशीच्या मध्यावर दाबून ठेवतात. हे चौघं मिळून रोटेटर कफ. ते ज्या चिवट पट्ट्यांनी हाडाला चिकटलेले असतात ते टेंडन. रिपोर्टमधलं लांबलचक नाव या चौघांपैकी वरच्या स्नायूचा टेंडन झिजल्याचं आणि अर्धवट फाटल्याचं असतं.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बशी स्वतःच हलते. पाठीवर वरच्या बाजूला जे चपटं तिकोनी हाड हाताला लागतं, त्याचाच एक कोपरा म्हणजे ही बशी. ते हाड बरगड्यांवर मोकळं सरकतं. आपण हात सरळ वर, कानापर्यंत नेतो तेव्हा त्या १८० अंशांतले सुमारे ६० अंश या हाडाच्या फिरण्यातून येतात. अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो फक्त गळ्याखाली, जिथे कॉलर बोन छातीच्या हाडाला मिळतं तिथे. बाकी सगळा कारभार स्नायूंच्या भरवशावर. पोक काढून बसलं की चपटं हाड वेळेवर फिरत नाही, आणि त्याच्या वाटचं काम बिचाऱ्या कफवर पडतं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसणारा माणूस रविवारी त्याच पाठीनं कयाकमध्ये बसतो, हे ध्यानात ठेवा.

## वल्हं नेमकं कोण ओढतं?

नवख्याला विचारा, तो दंड दाखवेल. पण पॅरा-कयाकिंगमध्ये खेळाडूंची वर्गवारी कशी करतात ते पाहा. तिथे धड आणि पाय किती साथ देतात ते तपासतात. केएल-१ गटात पाय काम करत नाहीत आणि धडही जवळजवळ नाही. केएल-२ मध्ये धड आणि पाय थोडेफार काम करतात. केएल-३ मध्ये त्याहून बरं. कयाक नुसत्या हातांनी पळत असती तर या विभागणीला काही अर्थच राहिला नसता. प्राची यादवचं सुवर्ण केएल-२ मधलं आहे.

बरोबर वल्हवणं असं होतं: ज्या बाजूला वल्हं पाण्यात जातं त्या बाजूचा पाय पुढच्या टेकूवर दाबला जातो, कंबर आणि धड त्या बाजूला फिरतं, पातं पायाच्या जवळपास पाण्यात शिरतं आणि कमरेपाशी बाहेर येतं. हाताचं काम वल्हं धरून ठेवण्याचं. ताकद खालून येते आणि खांदा ती पुढे पोचवतो.

माझ्याकडे येणाऱ्याला मी स्टुलावर बसवतो, हातात फरशी पुसायच्या मॉपचा दांडा देतो आणि समोर बसून वल्हवायला सांगतो. मी खांद्याकडे बघतच नाही, बघतो टी-शर्टवर छातीशी छापलेल्या अक्षरांकडे. अक्षरं डावीकडे-उजवीकडे वळत असतील तर धड फिरतंय. अक्षरं सतत माझ्याकडे तोंड करून असतील आणि कोपरं तेवढी पुढे-मागे जात असतील, तर कंबर कामचुकार आहे आणि सगळी मजुरी खांदा करतोय. निम्मं निदान तिथेच होतं. घरी आरशासमोर हे कुणीही करून पाहावं.

आता हिशेब मांडू. आरामात वल्हवणारा माणूस मिनिटाला ६० वल्ही मारतो असं धरलं तर एका बाजूला ३०. दोन तासांत एका खांद्यावर ३,६०० वेळा तीच हालचाल. एकदा चुकीची केली तर काही बिघडत नाही, पण साडेतीन हजार वेळा केली की टेंडन तक्रार करणारच.

## दुखणं कुठलं ते कसं ओळखायचं?

खांदा दुखतो म्हणणाऱ्या वल्हवणाऱ्यांची मी तीन ढोबळ गटांत वाटणी करतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि सरसकट सगळ्यांना एकच मलम चोळण्यात वेळ वाया जातो.

पहिलं कफचं दुखणं. हे हळूहळू येतं. हात बाजूनं वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते, त्याच्या खाली आणि वर कमी. त्या कुशीवर झोपता येत नाही. वल्हवताना त्रास होतो तो बहुतेकदा वरच्या हाताला, म्हणजे ज्या बाजूचं पातं हवेत असतं त्या खांद्याला. तो हात डोळ्यांच्याही वर चढवायची सवय असेल तर फार.

दुसरं, खांदा निखळणं किंवा निखळता निखळता राहणं. यात तारीख-वेळ सांगता येते. माणूस म्हणतो, ‘लाट आली, मी वल्हं टेकवलं आणि काहीतरी सरकलं.’ नंतर हात विशिष्ट जागी गेला की ‘आता जातोय’ अशी धास्ती वाटत राहते.

तिसरं फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. याचा कयाकशी संबंध कमी. चाळिशी ते साठीत आणि मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त. ओळख सोपी आहे: कोपर अंगाला टेकवून ठेवा आणि घरच्या कुणाला तरी मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला हलकेच वळवायला सांगा. कफच्या दुखण्यात दुसऱ्यानं वळवला तर हात बऱ्यापैकी जातो, आखडलेल्या खांद्यात दुसऱ्यानंही जात नाही. हे दुखणं वर्ष ते तीन वर्षं चालू शकतं. सुरुवातीला स्टेरॉइडच्या इंजेक्शननं बराच आराम पडतो, मात्र त्यानं काही दिवस साखर वाढते, तेव्हा मधुमेह्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

दोन दुखणी खांद्याची असतातच असं नाही. कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर मान तपासून घ्या. आणि डावा खांदा श्रमानं दुखतो, हात हलवल्यानं त्यात फरक पडत नाही, सोबत घाम किंवा धाप आहे, तर फिजिओकडे येऊ नका, सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

## पाण्यावर खांदा निखळतो तो कसा?

निखळलेल्या खांद्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुढच्या बाजूला निखळतात. हात बाजूला उचललेला, बाहेर वळलेला आणि वरून कुणीतरी मागे ढकललेला, अशी ती अवस्था असते. बॉल फेकायला हात मागे नेतो ना, अगदी तशी. कयाकमध्ये ती नेमकी कधी येते? होडी कलंडायला लागली की माणूस वल्हं उंच धरून पाण्यावर थोपटतो, कोपर खांद्याच्या वर जातं, हात पाठीमागे राहतो आणि नदी वल्ह्याला मागे खेचते. लाडू बशीच्या पुढच्या काठावरून घसरला.

त्यावर शिकवणाऱ्यांनी एक सोपा नियम बसवला आहे. दोन खांदे, दोन हात आणि वल्ह्याचा दांडा यांची मिळून जी चौकट होते ती कायम छातीच्या पुढे ठेवायची. मागे बघायचं असेल, मागच्या बाजूला वल्हं टेकवायचं असेल, तर अख्खं धड फिरवायचं, नुसता हात मागे टाकायचा नाही. तोल सांभाळताना कोपरं अंगाजवळ, हात हनुवटीच्या खाली. आणि पातं खडकात अडकलं तर वल्हं सोडून द्यायचं. वल्हं बाजारात मिळतं.

## निखळलाच तर काठावर काय करायचं?

पाण्यात असाल तर दुखरा हात दुसऱ्या हातानं पोटाशी धरून उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, बाकी लाइफ जॅकेट बघून घेईल. काठावर आल्यावर ते जॅकेट डोक्यावरून ओढून काढू नका, बकलं सोडा, नाहीतर पट्टे कापा.

मग हमखास कुणीतरी पुढे येतो आणि म्हणतो, ‘थांब, एक झटका देतो, बसेल.’ त्याला लांब ठेवा. काखेतून मोठी रक्तवाहिनी आणि हाताच्या नसा जातात, आणि निखळण्यासोबत हाड मोडलेलंही असू शकतं. एक्स-रेशिवाय ते कळत नाही. तुमच्या हातात एवढंच आहे: मनगटाची नाडी लागते का, बोटं हलतात का, दंडाच्या बाहेरच्या बाजूला वर बधिरपणा आहे का, हे पाहून लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. हात ज्या अवस्थेत कमीत कमी दुखतो तसाच ठेवून काखेत उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल द्या आणि ओढणीनं झोळी बांधा.

महेश्वरहून इंदूर नव्वदेक किलोमीटर, मध्ये घाट, आणि गावागावात स्पीडब्रेकर. जितका उशीर तितके स्नायू आवळतात आणि सांधा बसवणं अवघड होतं. म्हणून एक्स-रेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय आधी, इंदूर नंतर. वाटेत रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. सांधा बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं, त्यामुळे पोट रिकामं असलेलं बरं. इंदुरी माणसाला पोह्यांशिवाय सकाळ काढायला सांगणं जिवावर येतं, पण इलाज नाही.

सांधा बसल्यावर झोळी साधारण एक ते तीन आठवडे. त्याहून जास्त दिवस बांधून ठेवल्यानं पुन्हा निखळणं थांबतं असं दिसलेलं नाही. पुन्हा निखळण्याचा धोका वयावर फार अवलंबून आहे. विशीच्या आतल्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक जणांचा परत निखळतो, कारण पहिल्या वेळी लॅब्रमची कड फाटलेली असते. अशा खेळाडूनं ती कड शिवून घेण्याच्या ऑपरेशनबद्दल अस्थितज्ज्ञांशी लवकर बोलावं. चाळिशीच्या पुढे काळजी वेगळी. तिथे निखळताना कफच फाटलेला असू शकतो. सांधा बसल्यावरही हात उचलता येत नसेल तर ‘सूज उतरेल, मग बघू’ म्हणत महिने घालवू नका. ताज्या फाटण्याची शिवण लवकर केलेली चांगली लागते.

## ‘महिनाभर आराम केला, तरी पहिल्याच दिवशी परत दुखलं’

ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि यात त्या माणसाचा दोष नसतो. त्याला ‘आराम करा’ एवढंच सांगितलेलं असतं. आरामानं कळ शमते, पण टेंडनची ताकद आरामानं वाढत नाही. उलट महिनाभर काम न मिळालेला टेंडन आणखी लेचापेचा होतो आणि पहिल्याच रविवारी त्याच्यावर तीच ३,६०० वल्ही येऊन पडतात.

टेंडनला बेतानं, चढत्या क्रमानं वजन द्यावं लागतं. कोपर अंगाला टेकवून, मध्ये गुंडाळलेला नॅपकिन ठेवून, दाराला बांधलेला रबर बँड बाहेरच्या बाजूला ओढणं. तोच बँड दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं, चपटी हाडं मागे एकमेकांकडे आणत. भिंतीला हात टेकून जोर काढणं आणि शेवटी पाठ किंचित बाहेर ढकलणं. आणि खुर्चीत बसून छाती डावी-उजवीकडे वळवणं, हे शेवटचं न चुकवता. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं: दहापैकी तीनपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिथल्या तिथे आलेलं असलं पाहिजे. सकाळी जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढाच अर्थ. पुढच्या वेळी कमी करा, बंद करू नका.

वेळ किती? साधारण बारा आठवडे. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे मी पुष्कळ पाहिले. टेंडनला रक्तपुरवठा मुळात कमी, तो आपल्या गतीनंच भरतो.

## ‘रिपोर्टमध्ये फाटलंय म्हटलंय, मग ऑपरेशन नको का?’

साठीच्या पुढच्या, खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी त्यांतल्या पुष्कळांच्या कफमध्ये फाटलेलं दिसतं. म्हणजे चित्रात दिसलेली फट हेच दुखण्याचं कारण आहे असं गृहीत धरता येत नाही. चित्र, तपासणी आणि तुमची कहाणी, तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

‘हाड घासतंय, थोडं तासून घेऊ’ या ऑपरेशनबद्दल तर २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला. कफ शाबूत पण खांदा दुखरा अशा रुग्णांपैकी काहींचं हाड खरोखर तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि काहींवर काहीच केलं नाही. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक निघाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघंही किंचित बरे होते, पण तो फरकही नगण्य. त्यामुळे कफच्या हळूहळू आलेल्या दुखण्यात आधी तीन महिने मनापासून व्यायाम करा, मग ऑपरेशनची भाषा. वर सांगितलेले दोन अपवाद मात्र वेगळे: तरुणपणी निखळलेला खांदा आणि पडल्यावर अचानक हात न उचलता येणं.

## ‘आमच्याकडे जोर, करेला, मालिश हे सगळं आहेच की’

आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशानं मल्लखांबाला राज्यखेळ केलं ते उगीच नाही. जोर आणि करेला, म्हणजे खांद्यावरून फिरवायचा जड लाकडी मुद्गल, खांदा उत्तम घडवतात. पण दुखऱ्या खांद्यानं करेला फिरवू नये. तो डोक्यामागून जातो तेव्हा हात नेमका त्या निखळायच्या अवस्थेजवळ येतो. आधी बँड, मग भिंतीवरचे जोर, मग जमिनीवरचे, आणि करेला सगळ्यात शेवटी, हलका.

मालिशनं बरं वाटतं, खुशाल करावी. फक्त बरं वाटलं म्हणून बरं झालं असं समजू नये. हाडवैद्याकडून ताजा निखळलेला खांदा ओढून घेणं याला मात्र माझा साफ विरोध आहे. कारण वर आलंच आहे: काखेतल्या नसा आणि न दिसलेलं फ्रॅक्चर.

## परत पाण्यावर कधी आणि कसं?

कफचं दुखणं असेल तर पाणी पूर्ण सोडायची गरज सहसा नसते. अंतर कमी करा, वल्हं सपाट चालवा, म्हणजे वरचा हात छाती-खांद्याच्या पातळीवर राहील, आणि लहान पात्याचं हलकं वल्हं घ्या. मोठं पातं एका वेळी जास्त पाणी धरतं आणि तो सगळा भार खांद्यावर येतो. पकड सैल ठेवा, बोटं पांढरी पडता कामा नयेत. पायाच्या टेकूंना पाय पोचत नसतील तर होडी काठावरून सोडण्याआधी ते जागेवर आणा. टेकूला पाय नसेल तर धड फिरणार नाही आणि पुन्हा सगळं हातावर येईल. भाड्याच्या कयाकमध्ये हे टेकू बहुतेकदा आदल्या माणसाच्या मापाला लावलेले असतात आणि ते कुणी बदलत नाही.

निखळलेल्या खांद्याला घाई नको. लॅब्रम शिवल्यावर खेळात परतायला चार ते सहा महिने लागतात, आणि तेही दोन्ही हातांची ताकद जवळपास सारखी झाल्यावर. तोवर तलावाचं सपाट पाणी ठीक, सहस्रधारा नाही.

आणि खांदे दुखावतात त्यातले कित्येक पाण्यावर नव्हे, पार्किंगमध्ये. प्लास्टिकची साधी कयाक २० ते ३० किलोंची. दोन तास वल्हवून थकलेला माणूस ती एकटाच डोक्यावर उचलून गाडीच्या टपावर चढवतो, हात पूर्ण वर, अंग वळलेलं. दोघांनी उचलायची. दुसरं कुणी नसेल तर एक टोक मागून टपावर टेकवायचं आणि खाली जुनी सतरंजी घालून ढकलत न्यायची. टपावर ओरखडे आले तर येऊ देत.